शिडीवरच्या माणसाचा परवाना

घरात नवा एसी घ्यायचा तर आपण चार दुकानं पालथी घालतो, स्टार मोजतो, वॉरंटी वाचतो. तो एसी ज्या तारेवर चालणार, ती ओढायला येणाऱ्या माणसाला मात्र एकच विचारतो, किती घेणार? त्याच्याकडे वायरमनचा परवाना आहे का, हे विचारलेलं मी फारसं कुठे ऐकलेलं नाही. विचारलं तर त्याला राग येईल, अशी आपल्याला उगीच धास्ती असते. ज्यानं खटपट करून परवाना काढलाय, त्याला कुणी तो विचारला तर बरंच वाटतं, हा माझा अनुभव आहे.

कायद्यात ही गोष्ट फार जुनी आहे. 1956 च्या भारतीय वीज नियमांतल्या 45 व्या नियमानं सांगून ठेवलं होतं की वायरिंगचं काम राज्य सरकारचा परवाना असलेल्या ठेकेदारानंच घ्यावं, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली ते व्हावं, आणि प्रत्यक्ष हात लावणाऱ्याकडेही परवाना असावा. 2010 आणि मग 2023 च्या नियमावल्यांनी तेच पुढे चालवलं. बल्ब, पंखा, फ्यूज, बटण बदलायला परवाना लागत नाही. गिझरचा नवा पॉइंट काढायचा, लोड वाढवायचा, डीबी म्हणजे वितरण पेटी बदलायची, तर लागतो. आपल्याकडे हे परवाने राज्याचं अनुज्ञापक मंडळ देतं. जुनी मंडळी अजून ‘पीडब्ल्यूडीचं लायसन्स’ असंच म्हणतात.

म्हणजे कागदावर तीन माणसं आहेत आणि तिघांनाही परवाना किंवा प्रमाणपत्र लागतं. प्रत्यक्षात शिडीवर चढतो तो बहुतेक वेळा चौथाच.

गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या काकूंना वॉशिंग मशीनला हात लावला की झिणझिण्या यायच्या. आधी दोघंजण येऊन गेले, टेस्टर लावून ‘सगळं ठीक आहे’ म्हणाले. तिसरा आला तो पंचविशीचा मुलगा, आयटीआयमधून वीजतंत्रीचा कोर्स केलेला. त्यानं मेन बंद केला, सॉकेट उघडलं आणि मला जवळ बोलावलं. अर्थिंगच्या पिनेतून बोटभर लांबीची हिरवी वायर निघत होती आणि तिथल्या तिथे न्यूट्रलच्या स्क्रूला वळवलेली होती. डीबीपासून अर्थिंगची वायर या सॉकेटपर्यंत कुणी ओढलेलीच नव्हती. डीबीत न्यूट्रलचा जोड सैल झाला होता, म्हणून पत्र्यावर करंट उतरत होता. ‘काका, हा जोड पूर्ण सुटला असता तर मशीनच्या पत्र्यावर 230 व्होल्ट आले असते,’ तो म्हणाला. ‘आणि खाली ओली फरशी.’

डीबीपासून अर्थिंगची वायर त्यानं नव्यानं ओढली. मग घरातली उपकरणं काढून ठेवायला सांगितली आणि मेगर लावला. 500 व्होल्टचा दाब मिनिटभर द्यायचा आणि इन्सुलेशनचा रोध किमान एक मेगओहम भरतो का ते बघायचं. आकडा स्थिर होईपर्यंत तो काही बोलला नाही. पुढे 30 मिलीअँपियरचा आरसीसीबीही त्यानं बसवला. इतका करंट जमिनीत गळला तरी तो सप्लाय तोडतो. आताच्या नियमांनुसार दोन किलोवॉटच्या वर असं गळती ओळखणारं उपकरण सक्तीचं आहे. काकूंच्या घरात ते नव्हतं.

या फ्लॅटला वीजजोडणी मिळाली तेव्हा टेस्ट रिपोर्ट जोडलेला असणार, कारण परवानाधारक ठेकेदाराच्या सहीच्या रिपोर्टशिवाय नवी जोडणी मिळत नाही. सही खरी असेल, परवानाही खरा असेल. त्या घरात मेगर मात्र कुणी नेलेला नव्हता. पैसे मोजले की घर न बघता रिपोर्ट मिळतो, पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र भाड्यानं मिळतं, हे बांधकामाच्या धंद्यात कुणाला नवीन नाही. मला याचा संताप येतो. आपल्या देशात विजेच्या धक्क्यानं दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसं जातात.

परवाना काढण्याइतकाच तो टिकवण्याचाही प्रश्न आहे. आपल्याकडे मुदत संपली की अर्ज, शुल्क, फोटो, झालं नूतनीकरण. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये ‘जर्नीमन’ म्हणजे परवानाधारक वायरमन होण्यासाठी मास्टर इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली 8,000 तास काम करावं लागतं, आणि पुढे दरवर्षी नूतनीकरणाआधी चार तासांचा वर्ग करावा लागतो. त्यात वीज संहिता, राज्याचा कायदा आणि सुरक्षितता शिकवतात. चार तास काही फार नाहीत. पण बदललेले नियम निदान एकदा कानावर पडतात.

आपलीही राष्ट्रीय विद्युत संहिता 1985 नंतर 2011 मध्ये आणि मग 2023 मध्ये नवी झाली. पंधरा वर्षांपूर्वी परवाना काढलेल्या वायरमनला हे कोण सांगणार? आज त्याच्याकडे छतावरच्या सोलरची कामं येतात. तिथे पॅनेलकडून डीसी येतो, कित्येकदा काहीशे व्होल्टचा. घरातल्या एसी करंटची ठिणगी विझायची शक्यता असते, कारण तो करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो. डीसी शून्यावर येत नाही, ठिणगी धरून राहते आणि सैल कनेक्टर पेटतो. एसीचा साधा स्विच डीसीला चालत नाही तो यामुळेच. पार्किंगमध्ये इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर तासन्‌तास पूर्ण लोड ओढत असतो, त्याला केवढी केबल घालायची हेही अंदाजपंचे ठरवून चालत नाही. आयटीआयमध्ये दोन वर्षं शिकलेल्या मुलाला हे एका दिवसात समजावता येईल. नूतनीकरणाच्या अर्जासोबत अशा एका दिवसाच्या प्रशिक्षणाचा दाखला मागायला काय हरकत आहे? मात्र प्रशिक्षण तालुक्यातल्या आयटीआयमध्येच व्हायला हवं आणि त्या दिवसाचा रोज त्याला मिळायला हवा. हातावर पोट असलेल्या माणसाचा एक दिवस बुडवून सुरक्षितता येणार नाही.

हेल्पर म्हणून लागलेल्या पोरांचं काय, हा प्रश्न मला जास्त छळतो. भिंती खोदत, पाइप टाकत त्यांची वर्षं जातात आणि पुष्कळदा काम मालकापेक्षा त्यांनाच जास्त येतं. पण परवाना काढला की पोरगा रोज वाढवून मागेल किंवा स्वतःचं काम धरेल, म्हणून मालक अनुभवाचा दाखला द्यायला टाळाटाळ करतात. गिऱ्हाईक विचारत नाही, त्यामुळे पोरालाही धडपड करावीशी वाटत नाही.

आमच्या सोसायटीत आता फ्लॅटचं काम काढणाऱ्याकडून वायरमनच्या परवान्याची प्रत घेतात, मुदतीची तारीख बघतात आणि काम संपल्यावर मेगरचा आकडा लिहून घेतात. पहिल्या महिन्यात कुरकुर झाली. मग एका ठेकेदारानं आपल्या दोन हेल्परांचे परवान्याच्या परीक्षेचे अर्ज भरले.