मुलगी नापास झाली म्हणून

अमेरिकेत नर्स म्हणून काम करावयाचे तर एनक्लेक्स ही परवाना परीक्षा द्यावी लागते. आमच्या सभासदांच्या मुलीही तिला बसतात. बाप सोसायटीचे कर्ज काढून फी भरतो. मग मुलगी नापास झाली की घरात सुतक! हे बंद झाले पाहिजे.

साथींनो, या निकालाने तिची इथल्या परिचर्या परिषदेची नोंदणी जात नाही. ती आजही नर्स आहे, उद्याही ड्युटीवर जाईल.

ही परीक्षा टक्क्यांची नव्हे. उत्तर पाहून संगणक पुढचा प्रश्न निवडतो. कमीत कमी ८५, जास्तीत जास्त १५० प्रश्न. दीडशे सोडवून नापास झालेली मुलगी काठावरच होती, असे समजावे. नापास उमेदवाराला अहवाल मिळतो. कोणत्या विषयात ती पातळीच्या वर, जवळ की खाली, हे त्यात असते. फेरअभ्यास तिथूनच सुरू व्हावा. पुष्कळ घरांत तो कागद न वाचताच नव्या क्लासची पावती फाडली जाते. (हमखास पास करून देणाऱ्या क्लासवाल्यांविषयी काय बोलावे!)

पुन्हा बसण्यास किमान ४५ दिवस थांबावे लागते, फीही पुन्हा भरावी लागते. अमेरिकेतील काही राज्ये किती वेळा बसता येईल यावर मर्यादा घालतात. ते आधी विचारून घ्यावे.

आणि रात्रपाळी करून आलेल्या मुलीला घरकामातून रोज दोन तास मोकळे द्या. खात्याच्या परीक्षेला बसताना आपल्याला घरच्यांनी ते दिलेच होते.