लकव्यानंतरचे तीन महिने आणि नोटिशीचे नव्वद दिवस



एरवी इथे आपण बीपी, शुगर, थायरॉइड यांवर बोलतो. आज नोकरीच्या करारातल्या एका कलमावर बोलायचं आहे. "डॉक्टर, हा तुमचा विषय कधीपासून झाला?" असं तुम्ही विचाराल. हे कलम वरचेवर माझ्या ओपीडीत येऊन बसायला लागलं, तेव्हापासून.

सेलूत तुमच्या आजूबाजूला बघा. मुलगा पुण्यात, मुलगी हैदराबादला, आणि घरी सत्तरी ओलांडलेले दोघं. अशाच एका घरातल्या काकांना लकवा झाला. उजवा हात-पाय गेला, बोलणं अडखळायला लागलं. मुलगा रात्रभर प्रवास करून आला. वय ४६, मोठ्या कंपनीत सीनियर मॅनेजर. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) त्याने राजीनामा दिला होता, पण नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा. त्या काळात रजा घेतली की तेवढे दिवस पुढे वाढणार. चार दिवसांनी तो दार लोटून एकटाच आत आला आणि हळूच म्हणाला, "डॉक्टरसाहेब, माझ्या नावाने एक सर्टिफिकेट द्या ना. मणक्याचं लिहा, काहीही लिहा. लवकर सोडतील."

मी नाही म्हणालो. खोटं सर्टिफिकेट देणं गुन्हा आहे आणि खऱ्या आजारी माणसावर अन्यायही आहे. पण त्या दिवशी मला त्या मुलाचा राग आला नाही. राग आला तो त्या कलमाचा, ज्याने एका सरळ माणसाला खोटं बोलायला माझ्या दारात आणून उभं केलं.

तेच नव्वद दिवस

लकव्यात मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो आणि तो भाग निकामी होतो. पण मेंदूचे शेजारचे भाग ते काम थोडंफार शिकून घेतात. हे शिकणं सगळ्यात वेगाने होतं पहिल्या तीन महिन्यांत. सुधारणा नंतरही होत राहते, पण सावकाश. म्हणून आम्ही कानीकपाळी ओरडतो, की व्यायाम आताच, बोलण्याचा सराव आताच, बीपीची गोळी एकही दिवस चुकवायची नाही. दुसऱ्या झटक्याचा धोकाही याच सुरुवातीच्या काळात जास्त असतो.

हे सगळं करून घ्यायला घरात हातीपायी धड माणूस लागतं. दर दोन तासांनी कूस बदलणं, घास नीट गिळला का बघणं, धरून चालवणं. मुलगा येऊ शकत नाही तेव्हा हे काम कोणावर पडतं? अडुसष्ट वर्षांच्या काकूंवर. त्यांची स्वतःची शुगर वाढलेली, गुडघे गेलेले. महिनाभरात एकाचे दोन पेशंट होतात.

नोटिशीचे नव्वद दिवस आणि काकांच्या सुधारणेचे नव्वद दिवस एकच आहेत. कंपनीचे दिवस संपल्यावर मुलगा मोकळा होतो, पण काकांचे ते दिवस परत येत नाहीत.

पद जितकं मोठं, दोर तितका लांब

नव्या पोराला बऱ्याच ठिकाणी महिन्याची नोटीस असते. बढती मिळाली की ती दोन महिन्यांची, मग तीन महिन्यांची होते. म्हणजे ती सगळ्यात लांब कधी असते? चाळिशी-पन्नाशीत. नेमकं तेव्हाच आई-वडील सत्तर-ऐंशीचे होतात, आणि नेमकं तेव्हाच माणसाचं स्वतःचं बीपी नि शुगर डोकं वर काढतात. ज्या वयात सुटायची मुभा सगळ्यात जास्त हवी, त्याच वयात बांधलेला दोर सगळ्यात पक्का.

त्यात कायद्याचं छत्रही या माणसावर अपुरं आहे. आपल्याकडच्या कामगार कायद्यांतलं मुख्य संरक्षण 'कामगार' या व्याख्येत बसणाऱ्याला मिळतं. मॅनेजर त्या व्याख्येबाहेर. त्याच्यासाठी बहुतेक सगळं करारावर, म्हणजे रुजू होताना घाईत सही केलेल्या कागदावर.

मीही अशी सही केली आहे. सेलूत येण्याआधी एका मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलात होतो. करारात लिहिलं होतं की हॉस्पिटल तीन महिन्यांचा पगार देऊन मला त्याच दिवशी घरी पाठवू शकतं. मला पैसे भरून निघायचं असेल तर मात्र 'व्यवस्थापनाच्या संमतीने'. राजीनामा दिला तेव्हा ते शब्द पहिल्यांदा नीट वाचले. तीन महिने दोघांना सारखे दिसतात, पण दाराची किल्ली एकाच्याच खिशात असते.

ताटकळण्याचाही आजार होतो

"तीन महिने तर आहेत, काढायचे कसेतरी," असं म्हणणाऱ्यांना ब्रिटनमधला एक अभ्यास सांगतो. तिथल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्यावर व्हाइटहॉल नावाचा मोठा अभ्यास वर्षानुवर्षं चालला. त्यातलं एक खातं खासगी होणार असं ठरलं. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसलं, की प्रत्यक्ष बदल होण्याआधीच, नुसत्या वाट पाहण्याच्या काळात, त्या लोकांची स्वतःच्या तब्येतीबद्दलची तक्रार इतरांपेक्षा वाढली होती. तो अभ्यास नोटीस पिरियडचा नव्हता. पण जुनं सुटलेलं नाही, नवं हाती नाही आणि आपल्या हातात काहीच नाही, ही अवस्था तीच.

शरीरात काय होतं? झोप तुटते, कॉर्टिसोल आणि ॲड्रिनलिन वाढलेलं राहतं, बीपी चढतं, साखर चढते. त्यात शेवटच्या दिवसांत "जाण्याआधी एवढं संपवून द्या" म्हणून कामाचे तास वाढतात. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली मांडलं, की आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांत, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, लकव्याचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी जास्त असतो. एचबीए१सी ही आपली नेहमीची तपासणी गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवते. नोटीस पुरी करून आलेल्या डायबेटिसच्या पेशंटचा तो रिपोर्ट बघा, नव्वद दिवसांचा हिशेब त्यात सापडेल.

"पण काम सोपवायला वेळ नको का?"

हवा. हा मुद्दा मी टाळणार नाही, कारण डॉक्टरने पेशंट अर्धवट टाकून जाणं मलाही मान्य नाही. पण आयसीयूत काय होतं बघा. दर पाळीला, व्हेंटिलेटरवरचा पेशंटसुद्धा एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे सोपवला जातो. कारण नोंदी चोख असतात आणि माहिती एकाच डोक्यात साठवलेली नसते. मोठ्या पदाची जबाबदारी सोपवायला महिनाभर लागेल हे मान्य. पण महिन्यात सोपवता येत नसेल, तर आजार कंपनीच्या व्यवस्थेत आहे आणि औषध मात्र कर्मचाऱ्याला पाजलं जातंय.

"सरकारी नोकरीत आणि शाळांतही तीन महिने असतात की!" हेही खरं. आपल्याकडच्या खासगी अनुदानित शाळांतल्या कायम शिक्षकाला राजीनाम्याची तीन महिन्यांची नोटीस आहे. राज्य सरकारी कर्मचाऱ्याला वीस वर्षं सेवा झाल्यावर स्वेच्छानिवृत्ती घ्यायची तर तिथेही तीन महिने. पण त्यांच्याकडे साठवलेल्या रजा असतात, अर्धपगारी रजा असते. तिथे तीन महिन्यांत बापाच्या उशाशी बसता येतं. रजा घेतली तर दिवस वाढवू, असं सांगणाऱ्या कराराशी त्याची तुलना करू नका.

बाहेर काय आहे? जर्मनीच्या कायद्यात कर्मचाऱ्याने द्यायची मूळ नोटीस चार आठवड्यांची. सेवा जसजशी वाढते तशी मालकाने द्यायची नोटीस वाढत जाते, वीस वर्षांनंतर सात महिन्यांपर्यंत. करारात कर्मचाऱ्याची मुदत वाढवता येते, पण मालकाच्या मुदतीपेक्षा जास्त ठेवता येत नाही. कमजोर बाजू कोणती, हे तिथल्या कायद्याला कळलेलं आहे.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९८६ साली, सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्स्पोर्ट कॉर्पोरेशनच्या खटल्यात, कायम अधिकाऱ्याला तीन महिन्यांच्या नोटिशीवर काढून टाकण्याचं कलम रद्द ठरवलं होतं. दोन्ही बाजूंची ताकद सारखी नसताना झालेल्या अन्यायकारक कराराकडे न्यायालय डोळेझाक करणार नाही, हा त्याचा गाभा. मात्र नाण्याची दुसरी बाजूही सांगतो. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या खटल्यात त्याच न्यायालयाने तीन वर्षांआधी नोकरी सोडल्यास दोन लाख भरण्याची अट वैध ठरवली. तेव्हा "अशा सह्यांना काही अर्थ नसतो" या भ्रमात राहू नका.

मागणी काय?

साधी आहे. मोठ्या पदालाही नोटीस एका महिन्याची. दोन्ही बाजूंना सारखी. पगार भरून लगेच निघण्याचा हक्क, संमतीची भीक नको. आणि स्वतःचा किंवा आई-वडील, जोडीदार, मूल यांचा गंभीर आजार असेल तर खऱ्या कागदांवर लगेच मोकळीक. एवढं झालं की माझ्याकडे कोणी खोटं सर्टिफिकेट मागायला येणार नाही.

तोवर तुम्ही काय कराल?

१. सही करण्याआधी तीन गोष्टी वाचा: मुदत किती, पैसे भरून निघता येतं का, नोटिशीत रजा चालते का. नोकरी देतानाच बोलणी होतात, नंतर नाही.

२. घरात आजार आला तर पहिल्या दिवशी राजीनामा देऊ नका. आधी रजा आणि घरून काम लेखी मागा. पेशंटचे खरे कागद, म्हणजे डिस्चार्ज कार्ड, सीटी स्कॅन, फिजिओथेरपीचा सल्ला, सोबत जोडा. खरं सर्टिफिकेट मी आनंदाने देईन.

३. तुम्हाला कोणी जबरदस्तीने कामावर बसवू शकत नाही, वैयक्तिक सेवेचा करार न्यायालय सक्तीने पाळायला लावत नाही. पण नुकसानभरपाई मागितली जाऊ शकते आणि रिलीव्हिंग लेटर अडवलं जाऊ शकतं. पाऊल उचलण्याआधी वकिलाला विचारा.

४. कंपनीचा आरोग्य विमा साधारणपणे नोकरीबरोबर संपतो. त्यात आई-वडील असतील तर राजीनामा देताच त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत बदलून मिळेल का विचारा. शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका.

५. नोटीस सुरू असताना स्वतःची गोळी चुकवू नका, बीपी आठवड्यातून एकदा मोजा. छातीवर दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, तोंड वाकडं होणं, एका बाजूची ताकद जाणं, बोलणं अडखळणं, यातलं काहीही झालं तर मीटिंग सोडून हॉस्पिटल गाठा. लकव्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

काका आता काठी घेऊन अंगणापर्यंत येतात. उजवा हात अजून साथ देत नाही. मुलगा नव्वद दिवस पुरे करून आला तेव्हा मला म्हणाला, "आधी आलो असतो तर हात सुधारला असता का?" ठामपणे हो किंवा नाही म्हणता येईल असा हा प्रश्न नाही, आणि मी तसं त्याला सांगितलं. पण हा प्रश्न तो आयुष्यभर सोबत घेऊन फिरणार आहे, आणि तो त्याच्यावर एका छापील कलमाने लादला आहे.

तुमच्या घरात कोणाच्या हातात नवीन ऑफर लेटर असेल, तर पेढे वाटा, पण आधी ते कलम वाचा.

काळजी घ्या.