मंदीतली सहल



"मंदी आली की सहली स्वस्त होतात" हे वाक्य मी या सत्रात दोनदा ऐकले. एकदा पालकसभेत आणि एकदा नववीच्या वर्गात. वर्गातल्या मुलाने वर्तमानपत्रातली जाहिरातच कापून आणली होती. कॅरिबियन बेटांची सहल, निळे पाणी, पांढरे जहाज आणि वर मोठ्या अक्षरांत सूट. त्याचा प्रश्न सरळ होता : लोकांकडे पैसे नाहीत म्हणून हॉटेले रिकामी आहेत, हॉटेले रिकामी आहेत म्हणून भाव उतरले आहेत, मग आपण आत्ताच का जाऊ नये? प्रश्न चांगला आहे. पालकसभेतली सूचना मात्र अधिक गंभीर होती. शाळेने मोठ्या वर्गांची सहल यंदा परदेशी न्यावी, मंदीच्या काळात टूर कंपन्या घासाघीस करून देतात, अशी ती सूचना. दोन्हींना एकत्रच उत्तर द्यावे म्हणून हा लेख.

कॅरिबियन बेटे आपल्याला परकी नाहीत. वडोदऱ्याच्या मराठी घरांत ती क्रिकेटमुळे ओळखीची आहेत. १९७६ साली जमैकात किंग्स्टनच्या सबिना पार्कवर आपले अंशुमन गायकवाड ८१ धावांवर असताना होल्डिंगचा चेंडू कानावर बसून जखमी झाले, ही गोष्ट आजोबांनी नातवाला सांगितली नाही असे घर आपल्याकडे विरळाच. पुढे २००७ चा विश्वचषक तिथेच झाला. आपला संघ पहिल्याच फेरीत बाहेर पडला आणि पुढच्या सामन्यांसाठी येऊ घातलेल्या कित्येक भारतीय पाहुण्यांनी बेत रद्द केले. तेव्हा आपण इथे खेळाडूंच्या नावाने बोटे मोडत होतो. तिकडे ज्यांनी या पाहुण्यांच्या भरवशावर खोल्या रंगवून ठेवल्या होत्या, त्यांच्याविषयी कुणी बोलले नाही. पाहुण्यांवर जगणाऱ्या बेटांची स्थिती अशीच असते. पाहुणा आला नाही तर ती खोली उद्यासाठी साठवून ठेवता येत नाही. गहू कोठारात राहतो, डिझेल टाकीत राहते. रिकाम्या खोलीची एक रात्र मात्र गेली ती गेली. म्हणून हॉटेलवाला भाव उतरवतो. जाहिरातीतली सूट येते ती इथून.

आता जरा २००८ सालात जाऊ. १५ सप्टेंबर २००८ रोजी अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स ही मोठी बँक कोसळली आणि अमेरिकन माणसाने हात आखडला. कॅरिबियनमध्ये सर्वाधिक जाणारा पाहुणा अमेरिकनच. त्याच नोव्हेंबरात बहामा बेटांवरच्या अटलांटिस या प्रचंड हॉटेलाने सुमारे ८०० जणांना कामावरून कमी केले. आणि आपल्या जवळ, सुरतेत? तिथे घासलेल्या हिऱ्यांचे सर्वांत मोठे गिऱ्हाईकही तोच अमेरिकन. २८ ऑक्टोबरची दिवाळी झाली, कारागीर सुट्टीसाठी सौराष्ट्रात आपापल्या गावी गेले, आणि सुट्टी संपली तरी बरेच कारखाने उघडलेच नाहीत. मुलांची नावे शाळांमधून निघाली, कुटुंबे गावीच राहिली. म्हणजे एका माणसाने एक अंगठी घेतली नाही आणि एक सहल केली नाही, तर बहामातला वेटर आणि वराछातला रत्नकलाकार एकाच महिन्यात घरी बसले.

सुरतेत 'वेकेशन' हा शब्द त्यामुळे आपल्यासारखा कानाला गोड लागत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या एका खूप मोठ्या हिरे कंपनीने मागणी नाही म्हणून पन्नास हजार कामगारांना दहा दिवसांची सुट्टी जाहीर केली. मे २०२५ मध्ये गुजरात सरकारने रत्नकलाकारांसाठी मदत जाहीर केली, तिच्यात मुलांची एक वर्षाची शाळेची फी, वर्षाला १३,५०० रुपयांच्या मर्यादेत, भरण्याची तरतूद होती. फीची बाब त्या यादीत घालावी लागली, यावरून मंदी शेवटी कुठवर पोहोचते ते शाळा चालवणाऱ्यांनी ओळखावे. (माझे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. पुष्कळ शब्दांना मला अजून मराठी प्रतिशब्द शोधावा लागतो. 'मंदी'ला कधी लागला नाही. हिंदी, मराठी, गुजराती, तिन्हीकडे तोच शब्द.)

आता नववीच्या त्या विद्यार्थ्याच्या गणिताकडे वळते. त्याने सूट पाहिली, पण रुपया पाहिला नाही. जानेवारी २००८ मध्ये एका डॉलरला सुमारे ३९ रुपये पडत. मार्च २००९ च्या सुरुवातीला तोच डॉलर ५१ च्या वर गेला होता. जानेवारीत १००० डॉलरची असलेली सहल घ्या : ३९,००० रुपये. मंदीमुळे तिच्यावर वीस टक्के सूट मिळाली असे धरा : ८०० डॉलर. आता गुणिले ५१ करा. ४०,८०० रुपये होतात. वीस टक्के स्वस्त झालेली सहल आपल्याला अठराशे रुपयांनी महाग पडली! जगात घबराट झाली की परदेशी पैसा आपल्याकडून निघून जातो आणि रुपया घसरतो. २०१३ सालीही तेच झाले. मे महिन्यात ५५ च्या आसपास असलेला डॉलर २८ ऑगस्टला ६८ च्या पुढे गेला. ज्यांनी मे महिन्यात दिवाळीच्या परदेश सहलीचा बेत केला आणि पैसे डॉलरमध्ये नंतर भरायचे ठेवले, त्यांचा हिशेब काय झाला असेल तो विद्यार्थ्यांनीच करून पाहावा. तेव्हा सूट अमेरिकन माणसाला असते. आपल्याला ती पोहोचेपर्यंत तिच्यातले बरेचसे वाटेत गळून जाते.

दुसरा खर्च विमानाचा. कोयलीच्या मुलांना हे सांगायला नको, कारण १९६५ पासून चालू असलेल्या आपल्या रिफायनरीत पेट्रोल-डिझेलबरोबर विमानाचे इंधनही तयार होते. जुलै २००८ मध्ये कच्च्या तेलाचा भाव पिंपाला १४७ डॉलरवर चढला होता आणि त्याच डिसेंबरात ४० च्या खाली उतरला. एवढी चढउतार झाल्यावर तिकिटे पटकन स्वस्त व्हायला हवीत, नाही का? ती तशी होत नाहीत. भाव चढला की इंधनाचा अधिभार लगेच लागतो, उतरला की कंपनी आधीचा तोटा भरून काढत बसते. पुष्कळदा तर फेऱ्याच कमी करते, म्हणजे जागा कमी आणि भाव तेवढाच.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात आपल्यासारख्या घरांचे पैसे बुडतात. ती म्हणजे आगाऊ रक्कम. मंदीत जो सर्वांत मोठी सूट देतो आणि सगळे पैसे आजच मागतो, त्याला बहुधा ते पैसे आपल्या सहलीसाठी नको असतात, कालचे देणे फेडायला हवे असतात. सन २०१९ आठवा. १७ एप्रिलला, म्हणजे अगदी उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर, जेट एअरवेजची विमाने बंद पडली. ज्यांची तिकिटे काढलेली होती त्यांचे पैसे अडकले, आणि ज्यांची काढायची होती त्यांना इतर कंपन्यांची वाढलेली तिकिटे घ्यावी लागली. त्याच वर्षी कॉक्स अँड किंग्ज ही जुनी नावाजलेली कंपनी कर्ज फेडू शकली नाही आणि तिच्याकडे पैसे भरून बसलेल्या प्रवाशांना हात चोळत बसावे लागले. सप्टेंबरात इंग्लंडातली १८४१ पासूनची थॉमस कुक बुडाली. तेव्हा सुमारे दीड लाख ब्रिटिश प्रवासी परदेशात होते. तिथल्या सरकारने त्यांना विमाने पाठवून परत आणले. आपल्याकडे तशी सोय आहे या भरवशावर कुणी राहू नये. (आपल्याकडची थॉमस कुक कंपनी वेगळी, तिचा त्याच्याशी संबंध नव्हता. पण नावामुळे तेव्हा तिच्याही गिऱ्हाइकांच्या पोटात गोळा आला असणार.)

मग मंदीत सहल करूच नये का? असे मी म्हणणार नाही. सुट्टी ही चैन आहे असे समजून ती सर्वांत आधी कापणारी घरे मी पाहते आणि मला ते पटत नाही. २०२० च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना प्रवास सवलतीच्या बदल्यात एक सोय दिली होती. भाड्याच्या तिप्पट रकमेच्या, बारा टक्के किंवा जास्त जीएसटी असलेल्या वस्तू ३१ मार्च २०२१ पर्यंत घ्यायच्या आणि करात सूट मिळवायची. साथीच्या दिवसांत प्रवास शक्यच नव्हता आणि बाजार हलता ठेवायचा होता, तेव्हा सरकारचे चुकले असे नाही. पण पुष्कळ घरांत एका सहलीचा फ्रिज झाला. फ्रिज उपयोगी आहे. मुले मात्र मोठेपणी "ज्या वर्षी आपण फ्रिज घेतला" अशा आठवणी सांगत नाहीत.

माझे म्हणणे असे की वाईट वर्षी सहलीचे दिवस कमी करू नयेत, अंतर कमी करावे. आगगाडीचे तिकीट डॉलरवर चालत नाही. एक नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी होते, म्हणजे पैसेही आधीसारखे चार-चार महिने अडकत नाहीत. चांपानेर-पावागढ आपल्यापासून पन्नास किलोमीटरच्या आसपास आहे. २००४ साली युनेस्कोने ते जागतिक वारसा म्हणून जाहीर केले. आपल्या शाळेत विचारले तर पावागढला दर्शनाला सगळे गेलेले असतात, खाली चांपानेरच्या जामी मशिदीत शांतपणे तासभर थांबलेला एखादाच. रायगड पाहिलेली मुले किती, हे मी दहावीत विचारले. हात थोडे वर आले. तीन पिढ्या इथे राहिलेल्या मराठी कुटुंबांतली मुले सिंगापूरच्या विमानतळावरच्या धबधब्याबद्दल मला सांगू शकतात आणि पाचाडहून वर चढायला पायऱ्या किती हे त्यांना ठाऊक नाही, हे मला खटकते. सयाजीराव महाराजांएवढा जग हिंडलेला राजा त्या काळी दुसरा क्वचितच असेल, पण छप्पनच्या दुष्काळात, १८९९-१९०० साली, त्यांनी आपल्याच राज्यातल्या दुष्काळी भागाचा दौरा केला. त्या दौऱ्यावरच्या त्यांच्या नोंदी इंग्रजीत छापलेल्या आहेत.

आता शाळेच्या सहलीविषयी, आणि इथे मी थोडे स्पष्ट बोलते. आपल्या पालकांपैकी काहींची रिफायनरीत कायमची नोकरी आहे, पगार आणि प्रवास सवलत दोन्ही ठरलेले. त्याच वर्गात त्याच बाकावर बसणाऱ्या दुसऱ्या मुलाचे वडील रणोली-नंदेसरीच्या पट्ट्यात ठेकेदाराकडे कामाला असतात. मंदी आली की त्यांच्या पाळ्या आधी कमी होतात. ही मुले सहलीचा फॉर्म नेतात आणि परत आणत नाहीत. विचारले तर "आजीला बरं नाही", "मला गाडी लागते", "पावागढ मी पाहिलाय". एकही मूल "बाबांकडे पैसे नाहीत" असे म्हणत नाही. वर्गशिक्षिकांना हे सगळे कळते आणि त्या गप्प राहतात. सहलीहून परतल्यावर आठवडाभर वर्गात फक्त सहलीच्या गोष्टी चालतात, तेव्हा ही मुले वहीत काहीतरी लिहीत बसतात. साध्या दोन दिवसांच्या सहलीत हे होते. परदेश सहल काढली तर वर्गातली चार-सहा मुले जातील आणि बाकी सगळा वर्ग वहीत लिहीत बसेल. कंपनीने कितीही घासाघीस करून दिली तरी शाळेच्या नावाने अशी सहल निघू नये, असे माझे मत आहे. ज्यांना परवडते त्यांनी घरच्या घरी जरूर जावे, आल्यावर वर्गाला नकाशावर दाखवावे. त्याला माझी हरकत नाही.

विश्वस्त मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी पुढील प्रस्ताव ठेवत आहे. सहलीचा खर्च वर्षाच्या सुरुवातीला, जूनमध्येच सांगावा आणि तो तीन हप्त्यांत घ्यावा. आठवी ते दहावीची सहल यंदा रायगडला, खालच्या वर्गांची चांपानेरला. टूरवाल्याला निघण्यापूर्वी एकचतुर्थांशाहून जास्त रक्कम देऊ नये, त्याने कितीही सूट दाखवली तरी. ज्या घरी त्या वर्षी काम थांबले असेल तिथल्या मुलाचे पैसे शाळेच्या निधीतून भरावेत आणि ते कुणाचे भरले हे कार्यालयातल्या एका माणसाखेरीज कुणाला कळू नये, वर्गशिक्षिकेलाही नाही. या शेवटच्या कलमावर मंडळात चर्चा होईल, निधी मर्यादित आहे याची मला कल्पना आहे.

पालकांनी आपले मत बैठकीपूर्वी कार्यालयाबाहेरच्या पेटीत लिहून टाकावे. सही केली नाही तरी चालेल. आणि नववीच्या त्या विद्यार्थ्याने ती जाहिरात परत न्यावी, माझ्या टेबलावर आहे. खाली बारीक अक्षरांत कर आणि बंदराचे शुल्क वेगळे असे लिहिले आहे, ते मिळवून गणित पुन्हा करून आणावे.