वजन, भूक आणि चेन्नईचा पुरावा

भारतातील प्रौढ माणूस दिवसभरात जी ऊर्जा अन्नातून घेतो, तिच्यापैकी सरासरी ६२ टक्के कर्बोदकांतून येते. 'आयसीएमआर-इंडियाब' या देशव्यापी पाहणीचा हा निष्कर्ष २०२५ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला. या पाहणीची सूत्रे चेन्नईतील मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनकडे आहेत, त्यामुळे या शहरात तिची चर्चा जरा अधिकच झाली. बातमीतून अनेकांनी घेतलेला बोध मात्र एवढाच होता, की भात-पोळी सोडावी आणि कमी खावे. शोधनिबंधाचे म्हणणे त्याहून सूक्ष्म आहे. एकूण ऊर्जा तेवढीच धरून तिच्यातील ५ टक्के वाटा कर्बोदकांकडून वनस्पतिजन्य किंवा दुग्धजन्य प्रथिनांकडे वळवला, तर मधुमेहाची शक्यता कमी दिसते. पांढऱ्या तांदळाच्या जागी गव्हाचे किंवा भरडधान्याचे पीठ आणले आणि कर्बोदकांचे प्रमाण तेवढेच राहू दिले, तर तसा लाभ दिसत नाही. इथे 'किती' या प्रश्नाला हातही लावलेला नाही. सारा भर 'काय' यावर आहे.

हे मुद्दाम लिहिण्याचे कारण असे, की माझ्या आसपासच्या विद्यार्थ्यांत 'किती'चेच राज्य आहे. मोबाइलमधील ॲपला हवे असलेले वजन सांगायचे, त्याने १२०० कॅलरींचा आकडा द्यायचा आणि तो पाळण्यासाठी वसतिगृहातील रात्रीचे जेवण सोडून द्यायचे. (कॅलरी म्हणजे इथे किलोकॅलरी, रूढीपुढे एककाचे शुद्धलेखन चालत नाही.) या आग्रहाला आधार म्हणून पदार्थविज्ञान पुढे केले जाते. ऊर्जा अक्षय्य आहे, आत कमी गेली तर साठा घटणारच, असा हा युक्तिवाद. नियम खरा आहे. पण त्यातून काढलेले गणित पदार्थविज्ञानाच्या पहिल्या वर्षाच्या परीक्षेतही उत्तीर्ण होणार नाही.

प्रचलित गणित असे: एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरी. रोज २५० कॅलरी कमी खाल्ल्या, तर वर्षाला जवळजवळ १२ किलो वजन उतरेल. मग ६० किलोच्या माणसाने हाच क्रम पाच वर्षे चालवला, तर त्याचे किलोभरच शिल्लक राहील! चूक कुठे आहे हे उघड आहे. समीकरणात खर्चाची बाजू स्थिर धरली आहे, आणि ती स्थिर नसते. वजन उतरले की शरीराचा ऊर्जाखर्चही उतरतो. केविन हॉल हे मूळचे पदार्थविज्ञानाचे पीएच.डी.; त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याचे गतिशील प्रतिमान मांडले. रोजच्या आहारात १०० किलोज्यूलचा, म्हणजे सुमारे २४ कॅलरींचा कायमचा बदल केला, तर वजनात अखेर सुमारे एक किलोचा फरक पडतो; त्यातला निम्मा पहिल्या वर्षात आणि जवळजवळ सगळा तीन वर्षांत. म्हणजे २५० कॅलरींनी पहिल्या वर्षी १२ नव्हे, पाचच किलो उतरतील. हे ऐकून हिरमुसण्याचे कारण नाही. तेच प्रतिमान उलट बाजूने वाचावे. दिवसातून तीनदा कॉफी आणि प्रत्येक पेल्यात दोन चमचे साखर, म्हणजे १२० कॅलरी. इतर काही न वाढवता तेवढी साखर कायमची सुटली, तर तीन वर्षांत पाच किलोंच्या आसपास फरक पडतो, आणि त्यासाठी एक रात्रही उपाशी झोपावे लागत नाही.

भुकेचे गणित तर याहून कठोर आहे. मधुमेहावरील कॅनाग्लिफ्लोझिन या औषधाने रोज काही साखर लघवीवाटे बाहेर पडते. ऊर्जा जाते, पण रुग्णाला तिचा पत्ता लागत नाही. हॉल यांच्या गटाने अशा रुग्णांच्या वर्षभराच्या नोंदींतून २०१६ मध्ये हिशेब काढला. कमी झालेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा दैनंदिन खर्च २०-३० कॅलरींनी घटतो. भूक मात्र सुमारे १०० कॅलरींनी वाढते. दहा किलो उतरवलेल्या माणसाचे शरीर रोज हजार कॅलरी जास्त मागत असते. ज्याला आपण 'इच्छाशक्ती कमी पडली' म्हणून हिणवतो, तो बहुधा या ऋण प्रतिभरणाशी दिवसरात्र झुंजत असतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत अशा मंडलाला कोणी आळशी म्हणत नाही.

याच्या टोकाचा प्रयोग १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात झाला. अँसल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. सोबत खिन्नता आली, अंगात थंडी भरून राहू लागली आणि अन्नाखेरीज दुसरा विचार सुचेना. ते पुरुष होते आणि त्यांना आठवड्याला बरेच मैल चालावे लागे, हे खरे. पण त्यांना मिळणारे अन्न रोज सुमारे १५७० कॅलरींचे होते. इतिहासात जे उपासमारीचा प्रयोग म्हणून नोंदले गेले, त्याहून कमी अन्न आज विशीतल्या मुलामुलींना आरोग्य म्हणून विकले जाते.

यावर एक प्रामाणिक आक्षेप आहे. ब्रिटनमधील 'डायरेक्ट' चाचणीत टाइप-२ मधुमेहाच्या रुग्णांना तीन ते पाच महिने रोज साडेआठशेच्या आसपास कॅलरी दिल्या गेल्या, आणि वर्षाअखेर ४६ टक्के रुग्णांचा मधुमेह औषधांविना नियंत्रणात आला. हा निष्कर्ष मोलाचा आहे. परंतु तिथे आधीच आजारी असलेली माणसे होती, देखरेख होती आणि नेहमीच्या अन्नाकडे परतण्याची आखीव योजना होती. तरीही दुसऱ्या वर्षाअखेर ते प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. वसतिगृहातल्या निरोगी मुलीने स्वतःवर लादलेल्या उपासाला हा दाखला लागू पडत नाही.

मुळात काटा जे मोजतो, ते आपल्याला हवे आहे का? पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच छायाचित्र छापले होते. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. भारतीय शरीर कृश दिसूनही चरबी बाळगते, हा याज्ञिक यांच्या संशोधनाचा गाभा आहे. अशा शरीराने पुरेशी प्रथिने आणि हालचाल न ठेवता केवळ उपाशी राहून वजन घटवले, तर चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि स्नायू तर आपल्याकडे आधीच बेताचेच. काट्यावरचा आकडा सुधारतो, माणूस सुधारेलच असे नाही. कमरेभोवतीची टेप त्याहून खरे बोलते: भारतीय पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा.

चेन्नईतीलच पुरावा याला दुजोरा देतो. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ जणांवर केलेली चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. तीन वर्षांत, नेहमीचाच सल्ला मिळालेल्या गटातील ५५ टक्क्यांना मधुमेह झाला. रोज अर्धा तास चालणे, साखर व मैदा-पॉलिशचे तांदूळ कमी आणि तंतुमय पदार्थ अधिक, असा बदल करणाऱ्या गटात ३९.३ टक्क्यांना. आणि या दुसऱ्या गटाचे सरासरी वजन फारसे उतरलेच नव्हते. त्यांनी काट्याकडे पाहून हार मानली असती, तर हा लाभही गमावला असता.

तर मग ताटात काय असावे? दोन हजार कॅलरींच्या दिवसाचे ५ टक्के म्हणजे १०० कॅलरी, म्हणजेच २५ ग्रॅम. एका लहान वाटीभर भातातले पिष्ट कमी करून तेवढी प्रथिने आणायची. इथे डाळीबद्दलचा आपला भाबडेपणा आड येतो. शंभर ग्रॅम कच्च्या तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात, पण पिष्ट त्याच्या अडीचपट असते. शिवाय पातळ सांबारात किंवा आमटीत डाळ पडते ती किती! डाळ घट्ट करावी, भात तिला तोंडीलावणे व्हावा. जोडीला दही, पनीर, सोयाबीन, उसळ, खाणाऱ्यांनी अंडे. भाजी वाढली की पोट भरते. अतिप्रक्रियित अन्न घटले, तर मोजमाप न करताही माणूस कमी खातो. हॉल यांच्या २०१९ च्या प्रयोगात वीस जणांना दोन आठवडे असे अन्न आणि दोन आठवडे घरगुती धाटणीचे अन्न हवे तितके खाऊ दिले; वाढलेल्या अन्नातील साखर, मेद, तंतू यांचा मेळ घातलेला असूनही पहिल्या प्रकारात त्यांनी रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या.

'इंडियाब'ची अदलाबदल संख्याशास्त्रीय आहे, कोणाचे ताट प्रत्यक्ष बदलून पाहिलेले नाही, हे नोंदवायलाच हवे. शिवाय ती सर्वांना परवडतेच असे नाही. तमिळनाडूत शिधापत्रिकेवर तांदूळ फुकट मिळतो, पनीर मिळत नाही. निदान शाळेच्या जेवणात अंडे तरी असते. महाराष्ट्राने २०२३ मध्ये सुरू केलेल्या अंड्याचा निधी २०२५ च्या जानेवारीत थांबवला. सव्वीस रुपयांच्या प्रोटीन बारची जाहिरात पाहताना हे आठवते.

चालण्याचेही तसेच. चेन्नई अर्बन पॉप्युलेशन स्टडीत १९९६ पासून दोन वसाहतींचा अभ्यास झाला: तिरुमंगलमची मध्यमवर्गीय एशियाड कॉलनी आणि टी. नगरचे गरीब भारती नगर. एशियाडच्या रहिवाशांनी जागृतीनंतर स्वतः पैसे उभारून बाग बांधली, आणि आठवड्यातून तीनहून अधिक वेळा चालणाऱ्यांचे प्रमाण सात वर्षांत १४.२ वरून ५८.७ टक्क्यांवर गेले. दहा वर्षांच्या तुलनेत तिथला मधुमेह १२.४ वरून १५.४ टक्के झाला. भारती नगरात तो ६.५ वरून १५.३ टक्क्यांवर पोहोचला. हा फरक एकट्या बागेने पडला असे म्हणता येणार नाही. दोन्हीकडचे उत्पन्न, काम आणि खाणे वेगवेगळ्या वेगाने बदलत होते. पण बाग बांधण्याइतकी वर्गणी आणि मोकळी जमीन दोन्ही वस्त्यांपाशी सारखी नव्हती, आणि हा आकडा कोणत्याही ॲपमध्ये भरता येत नाही.