काहदेक्सास की काहदेस्तोइस्ता?

हेलसिंकीत उतरलेला प्रत्येक आयटीवाला पहिल्याच आठवड्यात जाहीर करतो, "इथे इंग्लिशवर सगळं भागतं." मीही केलं होतं. मग एकदा पोरीच्या पाळणाघरातून फोन आला. बाईंनी तारीख फिनिशमधे सांगितली, मी बारा ऐकली आणि बारा तारखेला ऐटीत हजर झालो. भेट होती आठला! पोरगी तिथे रमते का, एवढंच तर विचारायचं होतं...

काहदेक्सास म्हणजे आठवा, काहदेस्तोइस्ता म्हणजे बारावा. घाईत ऐका, मग बोला.

तसा नियम सोपा आहे. कोल्मे (तीन) चा कोल्मास, नेल्यॅ (चार) चा नेल्यॅस. शेवटी 'स' आला की क्रम. हट्टी दोनच: एन्सिम्मॅइनेन (पहिला) आणि तोइनेन (दुसरा). पण बाराव्यात हा तोइनेन गायब, तिथे 'काहदेस' येतो. शिवाय विभक्तीचा प्रत्यय शब्दाच्या प्रत्येक तुकड्याला. 'पंचविसाव्या दिवशी' म्हणायला काहदेन्तेनाक्युम्मेनेन्तेनॅवीदेन्तेनॅ! दम लागतो.

पण आपण तक्रार करायची नाही. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा असे चार हट्टी आपल्याकडेच आहेत, 'वा' पाचव्यापासून. तिसरा मजला, पण तिसऱ्या मजल्यावर, हेही आपलंच. (तिकडचा तिसरा मजला म्हणजे आपला दुसरा बरं का, तळमजल्यालाच ते पहिला म्हणतात.) आणि गंमत बघा, दीडला फिनिशमधे पुओलितोइस्ता, म्हणजे 'दुसऱ्यातला अर्धा'. आपलं अडीच संस्कृत 'अर्धतृतीय' वरून आलं, 'तिसऱ्यातला अर्धा'. हिशोबाची रीत एकच!

म्हणून माझं स्पष्ट मत: 'मोई' नंतर लगेच एक ते एकतीस क्रमवाचक शिका. हवामान, सौना वगैरे मागाहून. तक्ता घोकू नका. रोज सकाळी आजची तारीख मोठ्याने म्हणा. "लिहून पाठवा" म्हणता येतं, तिकडे '8.' असं आकड्यापुढे टिंब दिलं की झाला आठवा. पण फोनवर टिंब ऐकू येत नाही.

ऑफिस इंग्लिशमधे चालतं हो. पोरीचं पाळणाघर, दाताचा डॉक्टर, जिन्यात भेटणाऱ्या शेजारच्या आजी, हे सगळं तारखांवर आणि मजल्यांवर चालतं. तिथे आपण नुसते 'येस येस' म्हणत राहिलो, तर दहा वर्षं राहूनही पाहुणेच.

असो. पुढची भेट कोल्मास तारखेला आहे. तीनदा विचारून घेतलंय.