स्वस्त घर घेताना आधी विचारा: ते स्वस्त का?

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे आपले वाडवडील सांगत आले. या दोन कामांत माणसाची खरी परीक्षा होते, हा त्यातला अर्थ. आज आपल्या मॉरिशसमधील काही मराठी घरांतील मुले-मुली शिक्षणासाठी, नोकरीसाठी अमेरिकेला पोचली आहेत. तेथे दोन-चार वर्षे भाडे भरून झाले की त्यांच्या मनात घराचा विचार येतो. मग पहिला प्रश्न ठरलेला असतो : शहरात स्वस्त वस्ती कोणती?

आमच्या मते हा प्रश्न अर्धाच आहे. ‘ती वस्ती स्वस्त का आहे?’ हा त्याचा उरलेला अर्धा भाग. स्वस्ताईची कारणे दोन प्रकारची असतात. काही जमिनीची, पाण्याची, रस्त्याची आणि कराची असतात, तर काही केवळ माणसांच्या मनातली. पहिल्या कारणांना घाबरावे. दुसरी कारणे तपासून पाहावीत, कारण एके काळी आपली माणसेच त्या दुसऱ्या प्रकारात मोजली जात होती.

प्रथम हिशेबाचे पाहू. घराची किंमत आणि घराचा खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ३,००,००० डॉलरचे कर्ज ३० वर्षांसाठी ३ टक्क्यांनी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे १,२६५ डॉलर पडतो. तेच कर्ज ७ टक्क्यांनी घेतले, तर तो सुमारे १,९९६ होतो. घर तेच, भिंती त्याच. अमेरिकेत ३० वर्षांच्या स्थिर व्याजाच्या कर्जाचा सरासरी दर जानेवारी २०२१ मध्ये २.६५ टक्के होता, तो ऑक्टोबर २०२३ मध्ये ७.७९ टक्क्यांवर गेला. यावरून नुसत्या किमतीला भुलण्यात किती धोका आहे, ते ध्यानात येईल.

त्यावर घरपट्टी येते. न्यू जर्सी राज्यात २०२४ साली एका घराची सरासरी वार्षिक घरपट्टी १०,००० डॉलरच्या वर गेली. या पैशाचा मोठा वाटा स्थानिक शाळांना जातो, म्हणून चांगल्या शाळेची वस्ती महाग असते. ज्या जोडप्याला अजून मूल नाही, त्याने दहा वर्षांनंतरच्या शाळेचे पैसे आजच भरावेत का, याचा विचार करावा. मोटारीचेही तसेच. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनच्या हिशेबाने नवी गाडी बाळगण्याचा खर्च वर्षाला सुमारे १२,००० डॉलर येतो. तेव्हा शहरापासून दूर घर स्वस्त मिळाले, पण नवरा-बायकोला दोन गाड्या घ्याव्या लागल्या, तर ते घर स्वस्त कसले?

आणि पाणी. चक्रीवादळ म्हणजे काय, हे आम्हां बेटावरच्या लोकांना शिकवावे लागत नाही. १९६० च्या कॅरोल वादळाने किती घरे भुईसपाट केली, ते आपल्या घरांतली वडीलधारी माणसे अजून सांगतात. अमेरिकेतही १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री आयडा वादळाच्या पावसाने न्यूयॉर्क शहरात तळघरांत राहणारी ११ माणसे मेली. त्यांतली बहुतेक क्वीन्स भागातली होती. भाडे परवडते म्हणून गरीब माणूस तळघरात राहतो, आणि पाणी आधी तेथेच शिरते. तेथील नेहमीच्या घरविम्यात पुराचे नुकसान धरलेले नसते. त्याचा विमा वेगळा घ्यावा लागतो. पत्ता टाकला की सरकारी पूरनकाशा फुकट पाहता येतो. तो न पाहता कोणीही बयाणा देऊ नये.

ही झाली खरी कारणे. आता दुसऱ्या प्रकारची पाहू.

१९३३ साली अमेरिकन सरकारने बुडत्या घरमालकांना आधार देण्यासाठी होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन काढले. या संस्थेने पुढे दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे तयार केले. उत्तम वस्ती हिरवी, त्याखालची निळी, मग पिवळी, आणि ‘धोक्याची’ वस्ती लाल. घरे किती जुनी हे पाहिलेच, पण तेथे काळे लोक राहतात काय, परदेशांतून आलेले राहतात काय, हेही त्या कागदांवर नोंदवले गेले. १९३४ साली स्थापन झालेल्या फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशनचे कर्जहमीचे धोरण त्याच वृत्तीचे होते. कर्ज नाही म्हणून डागडुजी नाही, डागडुजी नाही म्हणून किंमत नाही, आणि किंमत नाही म्हणून पुन्हा कर्ज नाही, असे ते चक्र चालले. वस्ती आधी वाईट ठरवली गेली, आणि मग ती खरोखरच मोडकळीस आली.

यात आपला काय संबंध, असे कोणी विचारील. १९१५ साली वैष्णोदास बगाई आणि त्यांची पत्नी कला बगाई तीन मुलांसह सॅन फ्रान्सिस्कोला उतरले. घरचे सुखवस्तू. पुढे त्यांनी जवळच्या बर्कली गावात घर विकत घेतले. सामान घेऊन ते राहायला गेले, तेव्हा शेजाऱ्यांनी घराला कुलपे ठोकून ठेवली होती. हिंदी माणसे शेजारी नकोत, एवढेच कारण. बगाई कुटुंब तेथून परतले. १९२३ च्या एका निकालाने भारतीयांचे अमेरिकन नागरिकत्व काढून घेण्याची वाट मोकळी झाली, वैष्णोदासांचेही गेले, आणि १९२८ साली त्यांनी आत्महत्या केली. त्याच बर्कलीने २०२० साली एका रस्त्याला कला बगाई यांचे नाव देण्याचा ठराव केला. पण त्याआधी शंभर वर्षे गेली.

फार जुनी गोष्ट वाटत असेल, तर हडसन नदीकाठच्या जर्सी सिटीकडे पाहा. कारखाने व रेल्वेची कामे बंद पडल्याने हे शहर उतरणीला लागले होते आणि घरे स्वस्त होती. आगगाडीने मॅनहॅटन पाव तासाच्या अंतरावर. भारतीय कुटुंबांनी हे हेरले आणि जर्नल स्क्वेअरजवळच्या न्यूअर्क ॲव्हेन्यूवर दुकाने उघडली. १९८७ साली ‘डॉटबस्टर्स’ म्हणवणाऱ्या टोळक्याने वर्तमानपत्राला पत्र लिहून भारतीयांना शहरातून हाकलण्याची धमकी दिली. कपाळावरच्या कुंकवावरून ठेवलेले ते नाव. त्याच वर्षी शेजारच्या होबोकन गावात नवरोज मोदी या तरुणाला बेदम मारहाण झाली आणि त्यात त्याचा अंत झाला. तरीही आपली माणसे वस्ती सोडून गेली नाहीत. आज तो भाग ‘इंडिया स्क्वेअर’ म्हणून ओळखला जातो, आणि जर्सी सिटी महागड्या शहरांत गणली जाते.

म्हणूनच, ‘त्या भागात नको, तेथे तसले लोक राहतात,’ असे आपल्याच एखाद्या घरात ऐकू आले की आम्हांस वाईट वाटते. कालपर्यंत ‘तसले लोक’ आपण होतो.

१९६८ च्या कायद्याने अमेरिकेत घराच्या व्यवहारात वंश, रंग, धर्म व मूळ देश पाहून भेद करण्यास बंदी आहे. तेव्हा वंश-धर्म पाहून गिऱ्हाइकाला एका वस्तीकडे वळवणे वा दुसरीपासून परतवणे हा दलालाचा गुन्हा ठरतो. तरी हे थांबलेले नाही. ‘न्यूजडे’ या वर्तमानपत्राने लाँग आयलंडवर दलालांची गुप्त पारख करून २०१९ साली जे छापले, त्यात काळ्या गिऱ्हाइकांना ४९ टक्के, तर आशियाई गिऱ्हाइकांना १९ टक्के वेळा असमान वागणूक मिळाल्याचे आढळले.

कोणी म्हणेल, चोरीमारीची भीती काय खोटी असते? खोटी नसते. लेकराबाळांच्या घराने सुरक्षितता पाहिलीच पाहिजे. पण ती डोळ्यांनी पाहावी, ऐकीव गोष्टींवरून ठरवू नये. सकाळी कामाच्या वेळी, रात्री नऊला आणि रविवारी दुपारी अशा तीन वेळा त्या रस्त्याने चालून यावे. पोलिसांची आकडेवारी खुली असते, ती वाचावी. कोपऱ्यावरच्या दुकानदाराशी बोलावे. अंगणात म्हाताऱ्या बाया निवांत बसतात काय, मुले खेळतात काय, ते पाहावे. घराची मात्र जाणत्या माणसाकडून पैसे देऊन तपासणी करून घ्यावी. छप्पर, पाया आणि नळ यांच्या बाबतीत कोणावरही भाबडा विश्वास ठेवू नये.

आपल्याच लोकांजवळ राहावे, ही ओढ स्वाभाविक आहे. एडिसनच्या ओक ट्री रोडसारख्या ठिकाणी भाजीपाला, देऊळ, सणवार सारे हाताशी असते. ज्यांना परवडते त्यांनी अवश्य राहावे. पण त्यासाठी कमाईचा निम्मा भाग हप्त्यात घालणे शहाणपणाचे नाही. गणपतीला गाडीने तासभर जाता येते. हप्ता मात्र दर महिन्याला दारात उभा राहतो.

आपल्या बेटाचा इतिहासही हेच शिकवतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साखरेचे भाव पडले, तेव्हा मळेवाल्यांनी ‘ग्रां मोर्सेलमां’त आपल्या कडेकडेच्या हलक्या जमिनी मजुरांना विकल्या. त्या मजुरांनी पै पै साठवून त्या घेतल्या, दगड वेचून बाजूला रचले, ऊस लावला, आणि तेथे गावे उभी राहिली. त्यांनी जमिनीचा दोष ओळखला होता, आणि तो कष्टाने भरून काढता येईल याचा हिशेबही केला होता.

अमेरिकेत घर घेणाऱ्या आपल्या मुलांनी हाच हिशेब करावा. स्वस्ताईचे कारण पाण्यात, करात वा पायात असेल, तर पाऊल मागे घ्यावे. ते शेजाऱ्याच्या रंगात वा भाषेत सांगितले जात असेल, तर त्या रस्त्याने स्वतः चालून यावे, आणि घर घेतल्यावर सर्वांत आधी त्या शेजाऱ्याच्या दारी जाऊन आपले नाव सांगावे.