एकट्यासाठी काय करायचं?

काय मंडळी, काल रात्री काय जेवलात? खरं सांगा हं! मॅगी? मोबाइलवरून मागवलेली बिर्याणी? की सकाळच्या डब्यातली उरलेली पोळी, लोणच्याशी, फ्रिजचं दार उघडं ठेवून, उभ्या उभ्या? लाजू नका. आपण सगळे एकाच होडीत बसलोय. रात्री साडेआठला ऑफिसमधून बाहेर पडायचं, तासभर ट्रॅफिकमध्ये तिष्ठायचं आणि मग घरी येऊन कणीक भिजवायची? छे! तेसुद्धा एकट्यासाठी?

हा ‘एकट्यासाठी’ शब्द माझा अगदी आवडता होता. भांडी न घासण्यापासून ते भाजी न आणण्यापर्यंत सगळ्याला हे एकच उत्तर. म्हणजे आईच्या तोंडून तो ऐकेपर्यंत.

आई साताऱ्याला असते. बाबा गेले त्याला आता वर्ष होईल. मी पुण्यात, हिंजवडीच्या रोजच्या जत्रेत. रात्री फोन ठरलेला. ती विचारणार, ‘जेवलास का?’ मी म्हणणार, ‘हो.’ संपला विषय. एकदा सहज उलटा प्रश्न टाकला, ‘तू काय जेवलीस?’ तर म्हणाली, ‘चहा-पोळी खाल्ली.’ दुसऱ्या दिवशी विचारलं, दूध-पोहे. तिसऱ्या दिवशी पुन्हा चहा-पोळी. म्हटलं, अगं, हे काय चाललंय? तर शांतपणे म्हणाली, ‘एकटीसाठी काय करायचं रे?’

ज्या बाईने तीसेक वर्षं रोज दोन्ही वेळचा साग्रसंगीत स्वयंपाक केला, ती चहा-पोळी खाऊन झोपत होती. आणि मी तिला काय लेक्चर देणार? माझ्या फ्रिजमध्ये त्या दिवशी सॉसच्या तीन पुड्या आणि अर्धं लिंबू होतं.

‘आई, जेवत जा गं’ असं सांगून कुठलीही आई जेवत नाही, हा अनुभव तुम्हालाही असेलच. मग मी दुसरा फंडा काढला. म्हटलं, ‘मला चकोल्या खायच्यात. कशा करायच्या सांग.’

चकोल्या म्हणजे काय, असं कुणी विचारलंत तर तुम्ही बहुतेक आमच्या बाजूचे नाही. आंबट-गोड आमटीत कणकेचे शंकरपाळ्यासारखे तुकडे शिजवायचे, वर तुपाची धार. माझा रूममेट नागपूरचा. त्याने पातेल्यात डोकावून लगेच जाहीर केलं, ‘काय बे, हे तर वरणफळं आहेत!’ त्याच्याकडे वरून लसूण आणि लाल मिरचीची चरचरीत फोडणी हवीच हवी. गुजराती मंडळी याच्याच बहिणीला दाल ढोकळी म्हणतात. नावावरून भांडण करू नका, तोवर पातेलं गार होतं. आणि गार चकोल्यांइतकं केविलवाणं जगात काही नाही.

खरं तर हेच त्यांच्या मागे पडण्याचं कारण असावं. मिसळ, थालीपीठ, साबुदाणा वडा यांनी हॉटेलांच्या मेनूकार्डावर जागा पटकावली. चकोल्यांना ते जमलं नाही. पातेलं उतरवल्यावर वीस मिनिटांत आमटी आळते आणि सगळ्याचा गोळा व्हायला लागतो. हा पदार्थ डिलिव्हरीच्या बॅगेत बसून प्रवास करूच शकत नाही. खाणाऱ्याने आधी पाट मांडून बसायचं, मग पातेलं उतरायचं, अशी त्याची अट. म्हणजे जे विकत मिळत नाही ते घरी केलं नाही, तर संपलंच की!

तर गुरुवारी रात्री फोन स्पीकरवर टाकला आणि सुरुवात केली. ‘डाळ किती?’ ‘अंदाजाने.’ ‘पाणी?’ ‘लागेल तेवढं.’ ‘मीठ?’ ‘चवीपुरतं.’ वा! एवढ्या मोघम स्पेसिफिकेशनवर आमच्या ऑफिसात कुणी कोडची एक ओळ लिहिणार नाही. मी आपला लिहिला. म्हणजे केल्या. सगळे तुकडे एकदम पातेल्यात ओतले, झाकण ठेवलं आणि ऑफिसचा एक मेल बघायला गेलो. परत आलो तर आत एकच चकोली. पातेल्याएवढी!

व्हिडिओ कॉल लावून आईला दाखवली. ती आधी बघतच राहिली. मग हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. बाबा गेल्यानंतर मी तिला असं हसताना पहिल्यांदाच पाहिलं. तो गोळा मी आणि रूममेटने चमच्याने कापून खाल्ला. चव चांगली होती, आईशप्पथ.

पुढच्या गुरुवारी पुन्हा लावला फोन. या वेळी ती म्हणाली, ‘थांब, मीही टाकते कुकर. तुझं बघून करते.’ इकडे मी, तिकडे ती, दोन्ही गॅस पेटलेले. डाळीचा डबा उघडल्याचा आवाज आला आणि मग बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं रेंज गेली. तेवढ्यात तिने विचारलं, ‘काय रे, एकटीसाठी डाळ किती घ्यायची?’

माझ्या पोटात एकदम गोळाच आला. तिचा ‘अंदाज’ चार माणसांचा होता. मग मी बाहेर पडलो, तो तिघांचा झाला, मग दोघांचा. एका माणसाचा अंदाज तिच्या हाताला ठाऊकच नव्हता. कंटाळा वगैरे काही नव्हता हो, मापच चुकत होतं. केलं की उरायचं, उरलं की दुसऱ्या दिवशी तेच शिळं खायचं, त्यापेक्षा चहा-पोळी बरी.

मी म्हटलं, ‘पाव वाटी घे.’ आयुष्यात पहिल्यांदा मी आईला रेसिपी सांगितली.

म्हणून आज मापं एका माणसाची देतोय. लिहून घ्या.

चकोल्या: पाव वाटी तूरडाळ हळद-हिंग घालून कुकरमध्ये मऊ शिजवा. (एवढीशी डाळ थेट कुकरमध्ये नको, आत छोटं भांडं ठेवा.) अर्धी वाटी कणकेत तिखट, हळद, मीठ, चिमूटभर ओवा आणि चमचाभर तेल घालून पुरीसारखी घट्ट मळा. मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता, दोन लसूणपाकळ्या यांची फोडणी करा. घोटलेलं वरण, अडीच वाट्या पाणी, अर्धा चमचा गोडा मसाला, दोन आमसुलं, सुपारीएवढा गूळ, मीठ. आमटी नेहमीपेक्षा पातळच हवी, कारण कणीक पाणी पिते. जाडसर पोळी लाटून शंकरपाळ्यासारखी कापा. आमटी खळखळ उकळत असताना तुकडे चार-चार करून सोडा. पुन्हा सांगतो, चार-चार करून! दहा-बारा मिनिटं शिजवा, मधूनमधून हलवा. तूप घाला. मेल नंतर बघा.

एकदा हात बसला की हाव सुटते. मग आणखी काही जुनी मंडळी आमच्या गुरुवारच्या यादीत आली.

दडपे पोहे: शनिवारी सकाळी उशिरा उठणाऱ्यांसाठी खास. यात पोहे शिजवायचेच नाहीत. दोन मुठी पातळ पोहे, त्यात बारीक चिरलेला कांदा, मूठभर ओलं खोबरं, मीठ, चिमूटभर साखर, लिंबू, कोथिंबीर. नारळ फोडला असेल तर त्याचं पाणी शिंपडा, नाहीतर साधं. सगळं हलक्या हाताने कालवा आणि वर ताटली ठेवून तिच्यावर काहीतरी वजन ठेवा. दडपून ठेवायचे म्हणून दडपे. पंधरा-वीस मिनिटांत कांदा आणि खोबऱ्याचा रस पोह्यांत मुरतो. वरून शेंगदाणे आणि हिरव्या मिरचीची फोडणी. वजन म्हणून मी लॅपटॉप ठेवतो. वीकेण्डला त्याचा एवढाच उपयोग व्हावा!

मेतकूट: एका रविवारी तासभर द्या, पुढचे दोन महिने निवांत. एक वाटी हरभराडाळ, पाव वाटी उडीदडाळ, पाव वाटी तांदूळ, दोन चमचे गहू, दोन चमचे धणे, एक चमचा जिरं, पाव चमचा मेथ्या. प्रत्येक जिन्नस कोरडा, वेगवेगळा, मंद आचेवर खमंग भाजा. घाई केलीत तर बाहेरून काळं आणि आतून कच्चं राहील. गार झाल्यावर हळद, हिंग, सुंठ घालून मिक्सरमधून अगदी बारीक करा. मऊ भात, तूप आणि दोन चमचे मेतकूट हे आजारपणाचं जेवण समजलं जातं. पण सलग चार मीटिंगा झाल्यावर माणूस आजारीच असतो की. दह्यात कालवून वर फोडणी घातलीत तर पोळीशी तोंडीलावणं तयार. आणि चकोल्यांच्या अगदी उलट, हे बरणीत बसून कुठेही जातं. परदेशी निघालेल्या मुलांच्या बॅगेत आया ते उगीच कोंबत नाहीत!

पानगी: ही कोकणातली. अर्धी वाटी तांदळाचं पीठ, मीठ, थोडी साखर, चमचाभर लोणी किंवा साय, आणि ताक घालून इडलीच्या पिठाएवढं सरसरीत भिजवा. केळीच्या पानाच्या तुकड्याला तेलाचं बोट फिरवा, त्यावर पीठ पसरा, वर दुसरं पान ठेवा आणि तव्यावर झाकून भाजा. खालचं पान करपल्यासारखं दिसलं की उलटा. पान सोलताना जो वास येतो ना, तो कुठल्याही कॅफेत मिळणार नाही. पान कुठून आणायचं? सत्यनारायणाच्या पूजेचं सामान जिथे मिळतं तिथून. ही पण गरमच खायची, गार झाली की वातड होते.

आता कुणी म्हणेल, पुस्तकं आहेत, व्हिडिओ आहेत, आईला कशाला त्रास? बरोबर आहे. कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं आणि तेव्हापासून किती घरांतल्या नव्या सुनांना, मुलींना त्याने सांभाळून घेतलं. आमच्याकडेही त्याची एक प्रत आहे, हळदीच्या डागांची. पण ‘आमच्या’ चकोल्यांत आई शेवटी भाजलेल्या खोबऱ्याची चिमूट चुरडून घालते, हे त्यात कुठून असणार? ते तिच्याकडेच आहे आणि तिने ते कधीच लिहून ठेवलेलं नाही. बाबा वांग्याचं भरीत फर्स्ट क्लास करायचे. कसं, ते मी कधी विचारलं नाही. विचारू कधीतरी, असं वाटायचं. आता आई आणि मी आठवून आठवून करतो. दर वेळी काहीतरी कमी पडतं. लसूण की आणखी काही, कळत नाही.

आई आता रोज साग्रसंगीत जेवते, असं काही सांगणार नाही. परवाच पुन्हा चहा-पोळी निघाली. पण गुरुवारी संध्याकाळी, मी अजून ऑफिसच्या लिफ्टमध्ये असतानाच तिचा फोन येतो, ‘अरे, निघालास का? मी डाळ भिजत घातलीय. पाव वाटी.’

तेव्हा मंडळी, या आठवड्यात एक करा. घरी फोन लावा आणि ‘जेवलात का’ असं न विचारता ‘काय जेवलात’ असं विचारा. मग त्यांच्या हातचा एखादा पदार्थ विचारून घ्या. ‘अंदाजाने’ असं उत्तर आलं तर सोडू नका, वाटी-चमच्याने वदवून घ्या. बिघडलं तर फोटो पाठवा. त्यांना, मला नको!

भेटू पुढच्या आठवड्यात. तोवर, तुकडे चार-चार करून.